द्विमान चाचणी-फायलींतील टिपा व लेबले

द्विमान चाचणी-फायलींतील टिपा व लेबले म्हणजे एखाद्या संगणक-आज्ञावलीची परीक्षा घेण्यासाठी तयार केलेल्या द्विमान फायलीत, अथवा ती फाइल ज्या मजकुरापासून घडते त्या मूळ मजकुरात, माणसाच्या वाचनासाठी लिहिलेले खुलासे आणि फायलीतील विशिष्ट जागांना दिलेली नावे होत. द्विमान, म्हणजेच बायनरी, फायलीत अक्षरे नसून बाइटांची ओळ असते. ती यंत्राला वाचता येते. माणसाला मात्र तिच्याकडे पाहून अमुक बाइट तेथे का आहे, हे कळत नाही. ते ‘का’ नोंदवून ठेवणे हे टिपेचे काम आहे.

संज्ञा

एक बाइट आठ अंशांचा, म्हणजे आठ बिटांचा असतो आणि सोयीसाठी तो दोन षोडशमान अंकांनी लिहितात. षोडशमान पद्धतीत ० ते ९ या अंकांपुढे ए, बी, सी, डी, ई, एफ ही सहा अक्षरे दहा ते पंधरा या संख्यांसाठी वापरली जातात. या लेखात बाइट त्याच रीतीने, परंतु देवनागरी अंकांत दिले आहेत. ‘चाचणी-फाइल’ ही आज्ञावलीला खाद्य म्हणून दिली जाते. ती वाचून आज्ञावली अपेक्षित उत्तर देते की नाही, हे पडताळले जाते. काही चाचणी-फायली मुद्दाम सदोष बनवलेल्या असतात आणि त्या नाकारणे हेच तेथे योग्य उत्तर असते.

गरज

मराठीच्या अभ्यासकाला ही गरज एका शब्दजोडीवरून चटकन उमगते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ हे ‘दरी’ या शब्दाचे अनेकवचन. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित सांकेतनात दोन्ही शब्द पंधरा-पंधरा बाइटांचे आहेत:

दर्या : ई० ए४ ए६ · ई० ए४ बी० · ई० ए५ ८डी · ई० ए४ एएफ · ई० ए४ बीई
दऱ्या : ई० ए४ ए६ · ई० ए४ बी१ · ई० ए५ ८डी · ई० ए४ एएफ · ई० ए४ बीई

फरक फक्त सहाव्या बाइटात आहे, आणि त्यातही शेवटच्या एकाच बिटात: १०११०००० आणि १०११०००१. समुद्र आणि डोंगरातील खोल जागा यांच्यामध्ये संगणकाच्या दृष्टीने एवढेच अंतर आहे. चाचणी-फायलीत हे दोन शब्द टिपेवाचून ठेवले, तर काही वर्षांनी ती फाइल हाती घेणाऱ्या अमराठी तंत्रज्ञाला बी१ हा टंकनदोष वाटू शकतो. तो सद्हेतूने त्याचे बी० करील, चाचणी पूर्ववत उत्तीर्ण होत राहील आणि ज्या रफाराच्या वेगळेपणासाठी ती चाचणी लिहिली गेली तो मात्र परीक्षेतूनच नाहीसा होईल.

प्रकरण येथे संपत नाही. ‘दऱ्या’ हा शब्द आणखी दोन रीतींनी लिहिलेला आढळतो. एका रीतीत ऱ या एका चिन्हाऐवजी र आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे असतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर शून्यरुंदीचे अदृश्य जोडचिन्ह असते. दोन्ही रीतींनी शब्द अठरा बाइटांचा होतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसू शकतात. युनिकोडच्या संयुक्त सामान्यीकरणातून, म्हणजे एकाच अक्षराची पर्यायी रूपे एका ठरावीक रूपात आणण्याच्या क्रियेतून, गेल्यावर नुक्त्याचे रूप आकसून पंधरा बाइटांचे होते. जोडचिन्हाचे रूप अठरा बाइटांचेच राहते. आकार सारखा, दिसणे सारखे, परंतु अपेक्षित उत्तर वेगळे अशा दोन फायली शेजारी ठेवल्या, तर त्यांतील कोणती कशासाठी आहे हे टीप नसेल तर प्रत्यक्ष बाइट मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

टीप आणि लेबल यांतील भेद

टीप केवळ माणसासाठी असते आणि यंत्राने ती वगळून पुढे जावे, अशी अपेक्षा असते. लेबल हे जागेचे नाव असून ते माणूस आणि यंत्र या दोघांच्याही उपयोगी पडते. ‘येथे गावाचे नाव सुरू होते’ हे वाक्य टीप होय. त्या जागेला ‘नाव_आरंभ’ असे नाव देऊन पुढे लांबी किंवा अंतर काढताना तेच नाव वापरणे, हे लेबल होय. टीप जुनी होऊन चुकीची ठरली तरी फाइल बिघडत नाही. लेबल चुकीच्या जागी पडले तर त्यावर बेतलेली गणितेही चुकतात, आणि त्यामुळेच चूक लवकर उघड होते.

टीप वगळण्याची खात्री नसेल तर काय होते, हे पोथ्यांच्या परंपरेला नवे नाही. समासात कोणी खुलासा लिहावा आणि पुढच्या नकलाकाराने तो मूळ संहितेत ओढून घ्यावा, असे हस्तलिखितांत वारंवार घडले आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिच्यामागे अशुद्ध व भर पडलेल्या पाठांचीच अडचण होती. द्विमान फायलीला तर समासच नसतो. तेथे लिहिलेला प्रत्येक बाइट संहितेचाच भाग ठरतो. म्हणून टिपेसाठी एकतर फायलीच्या रचनेतच राखीव जागा असावी लागते, नाहीतर टीप फायलीबाहेर ठेवावी लागते.

फाइल-स्वरूपांतील राखीव जागा

चित्रांच्या पीएनजी स्वरूपात ही सोय विशेष विचारपूर्वक केलेली आहे. पीएनजी फाइल अनेक खंडांची बनलेली असते. प्रत्येक खंडात प्रथम चार बाइटांची लांबी, मग चार अक्षरांचे खंडनाम, मग मजकूर आणि अखेरीस चार बाइटांची पडताळणी-संख्या असते. खंडनामाचे पहिले अक्षर रोमन लिपीतील लहान असेल, तर तो खंड अनिवार्य नाही आणि न ओळखणाऱ्या आज्ञावलीने तो ओलांडून जावे, असा संकेत आहे. साध्या टिपेच्या खंडात केवळ लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय वर्णसंचातील अक्षरे चालतात. तेथे मराठी लिहिता येत नाही. आंतरराष्ट्रीय मजकुराच्या निराळ्या खंडात मात्र यूटीएफ-८ चालते. त्यात भाषेची खूण आणि शीर्षकाचा अनुवाद यांनाही जागा आहे. ‘कॉमेंट’ हे रोमन लिपीतील सात अक्षरी शीर्षक, भाषेसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरी खूण, अनुवादित शीर्षक ‘टीप’ आणि मजकूर म्हणून ‘अंजूर’ एवढाच शब्द दिला, तर दुभाजक व पडताळणीसह संपूर्ण खंड बरोबर ५० बाइटांचा होतो. त्यांपैकी प्रत्यक्ष मजकुराचे बाइट पंधरा. बाकीचा खर्च व्यवस्थेचा.

पीएनजी वाचणाऱ्या आज्ञावल्यांच्या परीक्षेसाठी विलेम व्हान स्खाइक यांनी तयार केलेला ‘पीएनजी-स्वीट’ हा चित्रसंच प्रसिद्ध आहे. त्यात प्रत्येक फायलीचे नाव हेच तिचे लेबल असते: कोणत्या वैशिष्ट्याची चाचणी, चित्र एकसलग आहे की पदर-पदराने येणारे, रंगाचा प्रकार आणि बिटांची खोली हे सारे आठ अक्षरांत बसवलेले आहे. नावाच्या आरंभी एक्स हे अक्षर असेल तर फाइल मुद्दाम बिघडवलेली आहे, असे समजावे. या संचात यूटीएफ-८ मजकूर असलेली जी चित्रे आहेत त्यांत इंग्रजी, फिनिश, ग्रीक व जपानी यांच्याबरोबर हिंदीही आहे. द्विमान चाचणी-फायलीच्या पोटात देवनागरी मजकूर वसल्याचे हे सहज पाहता येणारे उदाहरण होय.

इतर स्वरूपांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. जेपेग चित्रात एफएफ एफई या खुणेनंतर टीप येते आणि ती ६५,५३३ बाइटांपर्यंत लांब असू शकते. जीआयएफच्या १९८९ च्या आवृत्तीत टिपेचा विस्तार-खंड असून तो २५५ बाइटांपर्यंतच्या तुकड्यांत लिहावा लागतो. जीझिप या संक्षेपित फायलीच्या शीर्षात टिपेची जागा आहे, परंतु तीही लॅटिन-१ अक्षरांपुरतीच. पीजीएम या साध्या चित्रस्वरूपाच्या शीर्षात ‘#’ या चिन्हाने टीप सुरू होते व ओळीबरोबर संपते. नुसत्या ध्वनिनमुन्यांच्या कच्च्या फायलीत अशी कोणतीच जागा नसते.

खगोलशास्त्रातील फिट्स स्वरूप

महाराष्ट्रात टिपांसह द्विमान फायलींचा दैनंदिन व्यवहार जेथे होतो असे एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. तिची मूळ निरीक्षणे एलटीए या तिच्या स्वतःच्या स्वरूपात नोंदवली जात आणि मग ‘जीव्हीफिट्स’ या आज्ञावलीने ती जगभर चालणाऱ्या फिट्स स्वरूपात आणली जात.

फिट्सची रचना १९८१ साली प्रसिद्ध झाली. तिचे शीर्ष ८० अक्षरांच्या ‘पत्त्यां’चे असते, ३६ पत्ते मिळून २,८८० बाइटांचा एक गठ्ठा होतो. संख्यांचा द्विमान भाग त्यानंतर येतो. पत्त्यावर किंमत लिहून झाल्यावर तिरकी रेघ देऊन पुढे टीप लिहिता येते. शिवाय ‘कॉमेंट’ आणि ‘हिस्ट्री’ असे दोन खास पत्ते आहेत; त्यांवर ७२ अक्षरे मावतात. पहिल्यावर खुलासा लिहायचा, दुसऱ्यावर या निरीक्षणावर आजवर कोणकोणते संस्कार झाले ते नोंदवायचे. दहा वर्षांनंतर एखाद्या दीर्घिकेचे निरीक्षण पुन्हा उघडणाऱ्या संशोधकाला ही ‘हिस्ट्री’ची ओळ आकड्यांइतकीच मोलाची वाटते.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. शीर्षात केवळ अ‍ॅस्की वर्णसंचातील दृश्य अक्षरे व मोकळी जागा चालते. त्यामुळे खोडदच्या दुर्बिणीच्या फायलीत ‘खोडद’ हे नावसुद्धा देवनागरीत लिहिता येणार नाही. दुसरी मर्यादा चाचणी लिहिणाऱ्याला अडचणीत आणणारी आहे. शीर्षात समाप्तीच्या पत्त्यासह नेमके ३६ पत्ते असतील आणि त्यांत एका ओळीची टीप वाढवली, तर शीर्ष २,८८० वरून थेट ५,७६० बाइटांचे होते आणि मागचा सारा द्विमान भाग एक गठ्ठा पुढे सरकतो. चाचणीचा विषयच जर ‘एका गठ्ठ्याचे शीर्ष’ असेल, तर ती चाचणी समजावून सांगणारी टीपच तिला निकामी करते.

टिपांसह मूळ मजकूर

या पेचातून निघण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे द्विमान फाइल हाताने न बनवता, टिपा व लेबले असलेल्या साध्या मजकूर-फायलीपासून ती प्रत्येक वेळी नव्याने घडवणे. टिपा मूळ मजकुरात राहतात, घडलेल्या फायलीत फक्त बाइट उतरतात. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अंजूर या गावाचे नाव इस्की सांकेतनातून युनिकोडमध्ये नेणाऱ्या आज्ञावलीची चाचणी उदाहरणादाखल घेऊ. इस्की हे भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केलेले भारतीय लिप्यांचे सांकेतन असून पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या मराठी आज्ञावल्यांमुळे त्याचा प्रसार झाला.

# चाचणी : ग्रामनाम, इस्की सांकेतन, अपेक्षित लांबी ५ बाइट
नाव_आरंभ:
ए४ # अ
ए२ # अनुस्वार
बीए # ज
डीई # दीर्घ उकार
सीएफ # र
नाव_अंत:

अपेक्षित उत्तर यूटीएफ-८ मध्ये असे:

नाव_आरंभ:
ई० ए४ ८५ # अ
ई० ए४ ८२ # अनुस्वार
ई० ए४ ९सी # ज
ई० ए५ ८२ # दीर्घ उकार
ई० ए४ बी० # र
नाव_अंत:

लांबी कोठेही आकड्याने लिहून न ठेवता ‘नाव_अंत वजा नाव_आरंभ’ अशी मांडली, तर पहिल्या फायलीत ती आपोआप ५ आणि दुसरीत १५ येते. गावाचे नाव बदलले तरी कोणाला बोटे मोडावी लागत नाहीत. ए४ हा बाइटही पाहण्यासारखा आहे. इस्कीत तो एकटाच ‘अ’ आहे; यूटीएफ-८ मध्ये तो देवनागरी अक्षराच्या तीन बाइटांपैकी मधला बाइट असून एकट्याला त्याला काहीच अर्थ नाही. शीर्षावर ‘इस्की सांकेतन’ एवढे दोन शब्द नसते तर वाचणाऱ्याने कोणत्या कोष्टकात पाहावे, हे ठरले नसते.

असेम्बलर वापरणाऱ्यांना ही पद्धत परिचित आहे. तेथे अनेकदा अर्धविरामापुढे टीप आणि विसर्गासारख्या दोन टिंबांपूर्वी लेबल लिहिण्याचा प्रघात आहे. षोडशमान उताऱ्याचे पुन्हा बाइट करणारी एक्सएक्सडी ही आज्ञावलीही यासाठी वापरतात. ओळीतील ठरावीक संख्येचे बाइट वाचून झाल्यावर ती त्या ओळीतील उरलेला मजकूर सोडून देते, म्हणून पूर्ण भरलेल्या ओळीच्या टोकाला टीप लिहिता येते. ओळ अपुरी असेल तर ही हमी राहत नाही. आणि ए ते एफ ही अक्षरे अंकही असल्याने रोमन लिपीतील टिपेचे तुकडे बाइट म्हणून वाचले जाण्याचा धोका उरतो. टिपा आधी गाळून मग रूपांतर करणे हेच बरे.

युनिकोड संघटनेची सामान्यीकरणाची चाचणी-फाइल याच परंपरेतील आहे. तिच्या प्रत्येक ओळीत अर्धविरामांनी विलग केलेले पाच रकाने असून ‘#’ पुढे अक्षरांची नावे टिपेच्या रूपात दिलेली असतात. फायलीचे भाग ‘@’ या चिन्हाने सुरू होणाऱ्या लेबलांनी वेगळे केलेले आहेत.

जेथे लेबल हाच विदा असतो

काही मराठी चाचण्यांत लेबल ही केवळ सोय राहत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणित केलेल्या वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणे स्वीकारली आहेत. हिंदीत प्रचलित असलेली वळणे वेगळी आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांच्या ल आणि श यांना एकच संकेत आहे. ‘लाल’ हा शब्द मराठीत आणि हिंदीत बाइटागणिक तोच. अपेक्षित आकृती मात्र दोन. ओपनटाइप टंकात भाषेची खूण पाहून आकृती बदलण्याची योजना असते, म्हणून टंकाच्या चाचणीत प्रत्येक शब्दाबरोबर भाषेचे लेबल द्यावेच लागते. ते नसेल तर उत्तर बरोबर की चूक, हे ठरवताच येत नाही.

इस्कीने हे लेबल बाइटांच्या ओळीतच घेतले होते. ईएफ हा बाइट आला की त्यापुढचा बाइट लिपी सांगतो: ४२ म्हणजे देवनागरी, ४३ म्हणजे बंगाली, ४ए म्हणजे गुजराती. अंजूरच्या पाच बाइटांपूर्वी ईएफ ४२ लिहिले की सात बाइटांची ती ओळ आपली लिपी स्वतःच सांगते. याउलट, नव्वदीच्या दशकात मराठी मुद्रणालयांत व कार्यालयांत रूढ झालेल्या टंकाधारित सांकेतनांत अशी खूण नव्हती. बाइट अक्षराचा नसून टंकातील आकृतीच्या तुकड्याचा असे, आणि टंक बदलला की त्याच बाइटाचा तुकडाही बदले. त्या काळातील अनेक स्मरणिका, शालेय अंक आणि गावांच्या इतिहासाच्या टंकलिखित प्रती आज उघडत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे. बाइट सुरक्षित असतात. कोणत्या टंकात वाचायचे ते लिहून ठेवायचे राहिलेले असते.

टिपेची विश्वसनीयता

टीप आहे म्हणजे ती खरी आहे, असे होत नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक्सझेड या संक्षेपण-आज्ञावलीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट असल्याचे जाहीर केले. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे, एवढ्या निरीक्षणावरून तो शोध सुरू झाला होता. चोरवाटेचा गाभा प्रकल्पाच्या चाचणी-फायलींत दडवलेला होता. त्या संग्रहात ‘गुड’ आणि ‘बॅड’ अशा नावांनीच फायलींची वर्गवारी केली जाई, आणि ज्या दोन फायलींत घातक भाग होता त्यांतील एकीचे नाव ‘बॅड’ने, दुसरीचे ‘गुड’ने सुरू होत होते. संक्षेपण-आज्ञावलीच्या चाचण्यांत बिघडलेल्या आणि न उलगडणाऱ्या फायली असणे स्वाभाविक होते. त्यामुळे त्यांकडे संशयाने कोणी पाहिले नाही. पुढे त्या फायली बदलताना दिलेल्या नोंदीत, मूळ फायली यादृच्छिक आकड्यांपासून बनवल्या होत्या आणि नव्या फायली पुन्हा घडवता याव्यात म्हणून ठरावीक बीजसंख्या वापरली आहे, असा खुलासाही होता. त्या बीजसंख्येपासून फायली घडवणारी आज्ञावली मात्र सोबत ठेवलेली नव्हती.

टिपांसह मूळ मजकूर आणि त्यापासून घडलेली फाइल या दोन्ही ठेवलेल्या असतील, तर पडताळणी सोपी असते. मजकुरापासून फाइल पुन्हा घडवावी आणि ती जुन्या फायलीशी बाइटागणिक ताडून पाहावी. जेथे मूळ मजकूर देणे शक्य नसते, उदाहरणार्थ एखाद्या कॅमेऱ्यातून आलेले बिघडलेले चित्र, तेथे फायलीशेजारी त्याच नावाची साधी मजकूर-फाइल ठेवून तिच्यात उगम, तारीख, बिघाडाची जागा आणि अपेक्षित उत्तर लिहितात. अशी शेजारफाइल द्विमान फायलीच्या एकाही बाइटाला धक्का लावत नाही आणि ती देवनागरीत लिहिण्यासही कोणतीच आडकाठी नसते. मात्र नकला होताना दोघींची ताटातूट होऊ नये, याची काळजी घ्यावी लागते.